चालण्यापुरतं गाणं

दत्त चौकात रस्ता ओलांडताना उल्हास डुबलांच्या कानातलं गाणं मधेच थांबलं आणि त्याबरोबर त्यांचे पायही थांबले.

त्यांची मुलगी शलाका जरा पुढे निघून गेली होती. तिनं वळून पाहिलं, तर पप्पा भर रस्त्यात उभे. उजवी टाच किंचित उचललेली, चवडा डांबराला खिळलेला. अंग पुढं झुकलेलं, पण पाऊल काही पडत नव्हतं. समोर एक विनाचालक बस शहाण्यासारखी थांबून राहिली होती. आतली माणसं मात्र शहाणी नव्हती. दोघातिघांनी मोबाईल वर धरले होते.

"पप्पा, चला ना."

"गाणं गेलं," ते म्हणाले. त्यांचा आवाज घाबरलेला नव्हता, ओशाळलेला होता.

शलाकानं एका बाजूनं धरलं. रिक्षा सोडून धावत आलेल्या एका माणसानं दुसऱ्या बाजूनं धरलं. दोघांनी मिळून त्यांना जवळजवळ उचलूनच कडेला आणलं. ज्या माणसानं तीस वर्षं हायस्कूलच्या मैदानावर पोरांना कवायत शिकवली, ज्याच्या एका 'सावधान'वर अख्खी शाळा ताठ व्हायची, तो आज औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसून स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

शलाकानं त्यांच्या कानातलं यंत्र काढून स्वतःच्या कानाला लावलं. एक गोड आवाज पुन्हा पुन्हा सांगत होता, "क्षमस्व. हे गाणं आता उपलब्ध नाही."

उल्हास सरांना पार्किन्सन होऊन चार वर्षं झाली होती. हात थरथरणं हा त्यातला लहान त्रास. मोठा त्रास पायांचा. आपण चालतो तेव्हा मेंदूच्या तळाशी एक पेशींचा पुंजका जणू आतल्या आत ताल धरून असतो. आता हा पाय, आता तो. आपल्याला ते कळतही नाही. पार्किन्सनमध्ये हा आतला ताल क्षीण होत जातो. पायांत ताकद असते, मनात इच्छा असते, पण 'आता उचल' असं सांगणारं कुणी उरत नाही. मग माणूस दारात, वळणावर, गर्दीत असा खिळून उभा राहतो.

पण मेंदूत दुसरी एक वाट शाबूत असते. ती कानातून निघते. बाहेरून ठेका ऐकू आला, तर ऐकण्याची केंद्रं तो थेट हालचालीच्या केंद्रांकडे पोचवतात आणि पाय त्या उसन्या तालावर चालायला लागतात. हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. 'पदताल' या यंत्रानं त्याच्या पुढची पायरी गाठली. घोट्यांवर बांधलेल्या दोन पट्ट्या पावलांची गती मोजत, आणि कानातला भाग चालू गाण्याचा ठेका त्याप्रमाणे किंचित ताणत किंवा आवळत असे. पाय रेंगाळायला लागण्याच्या क्षणभर आधीच ठोका पडायचा आणि पाऊल सुटायचं.

त्यासाठी गाणं मात्र आवडीचं लागायचं. सरांनी आपल्या तरुणपणीच्या एका सिनेमातलं झोकदार गाणं निवडलं होतं. दोन वर्षं ते त्याच गाण्यावर चालले. त्यांच्या पायांना ते इतकं पाठ झालं होतं की सुरुवातीचे दोन सूर वाजले, तरी टाच उचलली जायची.

आणि आता त्या गाण्याचे हक्क विकले गेले होते. नव्या मालकाला आपली गाणी वैद्यकीय यंत्रांना द्यायची नव्हती. कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या मोठ्या इमारतीत एक सही झाली आणि कराडच्या दत्त चौकात उल्हास डुबलांचे पाय थांबले.

---

"दुसरं गाणं घ्या," फिजिओथेरपिस्ट डॉ. आरिफा पटवेकर म्हणाल्या. त्या सरांच्याच शाळेत शिकलेल्या. अजूनही त्यांच्यासमोर खुर्चीच्या काठावर बसायच्या. "कंपनीनं यादी दिलीय. 'आरोग्य संगीत' म्हणून."

ती सगळी गाणी यंत्रानं रचलेली होती. पहिले दोन दिवस सर त्यावर बरे चालले. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात थांबले ते थांबलेच.

"असं का होतंय?" शलाकानं विचारलं.

"ठोका फार सपाट आहे गं," डॉ. आरिफा म्हणाल्या. "मेंदूला पुढच्या ठोक्याची वाट बघायला आवडलं पाहिजे. सगळंच आधी कळत असेल, तर तो ऐकणं सोडून देतो. घड्याळाची टिकटिक आपल्याला ऐकू येते का?"

त्यानंतर सरांनी बाहेर जाणंच बंद केलं. खिडकीशी बसून राहायचे. शलाका माती परीक्षण केंद्रात कामाला होती. दुपारी घरी फोन केला की ते "हं" म्हणायचे, फार तर "जेवलो" म्हणायचे. एकदा ती हळूच म्हणाली, "पप्पा, नुसतं बाहेरच्या फेरीपुरती चाकाची खुर्ची आणूया का?"

"आण," ते म्हणाले. "दोन आण. एक माझ्यासाठी आणि एक शोभेला. सगळ्यांची हौस फिटू दे."

ती आत जाऊन भांडी आवरत बसली. पुसलेलीच भांडी तिनं पुन्हा पुसली.

त्या आठवड्यात पुण्याहून तिच्या भावाचा, निनादचा, फोन आला. तो संगणकात मुरलेला. "इतकं काय अवघड आहे त्यात? तेच गाणं देतो मी तुला. सूर एका केसानं सरकवलेत. पहाऱ्याला पत्ता लागणार नाही."

पहारा म्हणजे स्वरपहारा. यंत्रं मिनिटाला हजार गाणी पाडू लागली आणि खऱ्या गायकांच्या आवाजाच्या नकला बाजारात आल्या, तेव्हा नवा कायदा झाला. ऐकण्याच्या प्रत्येक साधनात एक चिप सक्तीची केली गेली. ध्वनीत कोणत्या क्षणी कोणत्या कंप्रता, म्हणजे कोणते उंच-खालचे सूर, ठळक आहेत, याचा ती एक नकाशा काढायची. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखा तो त्या ध्वनीचा ठसा. तो नोंदवहीतल्या ठशांशी ताडून बघितला जायचा. मालक सापडला आणि त्याची परवानगी असली, तर गाणं वाजायचं. नाहीतर ते चोरीचं ठरायचं. नोंदच नसलेलं गाणंही चोरीचंच.

"दादा, नको रे," शलाका म्हणाली.

"मग बसव त्यांना खिडकीत."

तिनं ते गाणं पदतालमध्ये भरलं. पप्पांना म्हणाली, गाणं परत मिळालंय. सरांनी काही न विचारता पट्ट्या बांधल्या. ओळखीचे सूर वाजले. चेहरा उजळला. टाच उचलली. दिवाणखान्यातून ते सरळ अंगणापर्यंत गेले आणि तिथं दचकून थांबले. एका हातानं त्यांनी तुळशीचा कठडा धरला.

"शलाका," ते वळता येईना म्हणून समोर बघतच बोलले. "हे यंत्र मला काय सांगतंय, ऐकून जा."

कानात तोच गोड आवाज होता. "विनापरवाना ध्वनी आढळला. पुन्हा आढळल्यास हे उपकरण कायमचं बंद करण्यात येईल."

तिनं सरांना धरून आत आणून बसवलं, तेव्हा ते म्हणाले, "परीक्षेत मी पोरांच्या बाह्या तपासायचो. कॉपी सापडली की कान धरून उभं करायचो. आणि आता मी चोरीच्या गाण्यावर चालू?"

"तुम्ही चालावं म्हणूनच केलं ना?"

"ते कळतंय मला," ते जरा मऊ होऊन म्हणाले. "पण आता ह्याला हात लावू नका दोघं. जे आहे तेही जाईल."

---

शलाकाला गप्प बसवेना. मातीत पीक येत नसेल, तर कारण शोधायचं, ही तिची रोजची सवय. रविवारी दुपारी पप्पा खाटेवर आडवे झाले होते. ती पदतालची माहितीपुस्तिका उघडून बसली. ती कुणी वाचतं, असं कंपनीलाही वाटत नसावं. शेवटाकडे एका ओळीत लिहिलं होतं, 'मुक्त परवान्याखाली नोंदलेले ध्वनी वापरता येतील.'

मुक्त परवाना म्हणजे काय, ते तिनं शोधायला घेतलं. एकातून दुसरं दार उघडत गेलं आणि ती 'सूरपोई' नावाच्या एका साइटवर येऊन पोचली. वर लिहिलं होतं, 'वाटसरूसाठी. प्या, भरून न्या.'

आत हजारो गाणी होती. एकाही गाण्याखाली किंमत नव्हती. कुठल्याही कंपनीचं नाव नव्हतं. मेळघाटात बासरी वाजवणारा एक मास्तर. इम्फाळमधल्या पाच मुलींचं पथक. मॉरिशसमधला एक मराठी आजोबा. कुणी घरात, कुणी गोठ्यात, कुणी जिन्याखाली बसून गाणं ध्वनिमुद्रित केलेलं. प्रत्येकाखाली एकच मजकूर होता. 'हे गाणं मी सर्वांना दिलं आहे. उतरवून घ्या, ऐका, ऐकवा, हवा तसा बदल करा. फक्त माझं नाव सांगा.'

तिनं निनादला फोन लावला.

"फुकट?" तो म्हणाला. "फुकट म्हणजे कुणाचं तरी ढापलेलं. शलू, पुन्हा एकदा चुकलं तर यंत्र जाईल. मी केलं ते केलं. तू करू नकोस."

"इथं लिहिलंय की कायदेशीर आहे."

"लिहिलेलं असतंच."

तिनं डॉ. आरिफांना विचारलं. त्या म्हणाल्या, "ऐकून आहे मी. पण माझ्या कुणा पेशंटनं वापरलेलं नाही. मी हो म्हणू शकत नाही आणि नकोही म्हणवत नाही."

शेवटी ती पप्पांच्या खाटेशी जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. या वेळी काहीही लपवलं नाही. यंत्र जाऊ शकतं, हेही सांगितलं.

सरांनी पडल्या पडल्या विचारलं, "ज्यांनी गायलंय, त्यांनी स्वतः दिलंय का?"

"तसं लिहिलंय."

"त्यांची नावं आहेत?"

"प्रत्येकाचं नाव आहे. गावही आहे."

"चोर नाव-गाव सांगत नसतो," सर म्हणाले. "लाव."

तिनं मेळघाटच्या मास्तरांची बासरी उतरवून घेतली आणि पदतालमध्ये भरली. यंत्रावरचा दिवा पिवळा झाला. पहारा ठसा काढत होता. पिवळा दिवा लुकलुकत राहिला. शलाकानं पप्पांचा हात धरला होता.

दिवा हिरवा झाला.

"काय म्हणतंय? पप्पा, काय म्हणतंय?"

सर डोळे मिटून ऐकत होते. "म्हणतंय, मुक्त परवाना. कलाकार तुळशीराम धांडे, धारणी." मग हसले. "बासरी छान वाजवतोय बरं का मास्तर."

शलाका खाटेच्या कडेवर डोकं टेकून रडायला लागली. सरांनी बासरी संपेपर्यंत तिच्या केसांवरून हात फिरवला.

---

बासरी छान होती, पण तिच्यावर पाय हलेनात. तिला ठेकाच नव्हता. मग दोघांची शोधाशोध सुरू झाली. घरात एकदम जत्रा भरल्यासारखं झालं. शलाका कामावरून आली की दोघं सूरपोईवर बसायची. इम्फाळच्या मुलींच्या ढोलावर सर चालले, पण फार जोरात. थेट कपाटावर जाऊन आदळले. कुठल्या तरी बर्फाळ देशातल्या माणसाचं गिटार लावलं, तेव्हा ते म्हणाले, "हा बिचारा स्वतःच थांबलाय." एका गाण्यात नुसतेच बेडूक होते. ते सरांना फार आवडलं. पाय हलले नाहीत, तरी त्यांनी ते तीनदा ऐकलं.

मग एक दिवस 'वरची वाट' नावाचा तुकडा लागला. आजऱ्याच्या अस्मिता लोखंडे या मुलीनं वाजवलेली हलगी आणि मागे तिचाच हुंकार. हलगी एकसारखी नव्हती. ठोका दर वेळी येई तो वेळेवरच, पण आता येतो की नाही, असं वाटायला लावून येई. चढावर माणूस दम घेत चालतो, तशी.

सर खुर्चीत बसले होते. शलाकाचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. टाच आपोआप हलत होती.

ते उठले. दिवाणखाना, पडवी, अंगण. तुळशीला वळसा घातला. वळणावरच ते नेहमी अडायचे. आज अडले नाहीत. फाटकापर्यंत गेले आणि तिथं एकदम खिळले. गाण्यात हलगी मधेच थांबली होती. थोडा वेळ फक्त शांतता. हलगी पुन्हा सुरू झाली, तरी सरांना पुन्हा निघायला फार कष्ट पडले. प्रत्येक वेळी तिथंच तसं व्हायचं.

शलाकानं सूरपोईवरून अस्मिताला निरोप पाठवला. सगळी हकिगत सांगितली आणि विचारलं, ती शांतता काढून टाकली तर चालेल का?

दुसऱ्या दिवशी फोनच आला. "अहो ताई, विचारायचंय काय त्यात? बदल करायला परवानगी दिलेलीच आहे," पलीकडून मुलगी एका दमात बोलत होती. "पण खरंच कुणी चालतंय माझ्या हलगीवर? खरंच? मी येऊ का बघायला?"

ती शनिवारी आली. पाठीला हलगी, अंगावर आजऱ्याच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सचा बिल्ला तसाच राहिलेला. सरांना ती वाकून नमस्कार करायला लागली, तर ते म्हणाले, "आधी हे सांग, मधे तो खड्डा कशाला ठेवलास?"

"खड्डा?" ती गोंधळली. "सर, ती श्वास घ्यायची जागा आहे. चढावर आमच्याकडं बायका तिथं थांबतात."

"त्यांना पुन्हा निघता येतं. मी त्यात पडतो."

अस्मितानं पाठीवरची हलगी उतरवून हातात घेतली. मग म्हणाली, "सर, ती जागा बुजवायला मला आवडणार नाही. पण रिकामी नको. तुम्ही कवायत घ्यायचात ना? पोरं थांबू नयेत म्हणून काय म्हणायचात?"

सरांची मान वर झाली, छाती भरली आणि वर्षानुवर्षं न निघालेला आवाज निघाला, "एक-दोन, एक! चाल राख, पुढं बघ! एक-दोन, एक!"

शेजारच्या घरातून कुणीतरी बाहेर डोकावलं.

अस्मितानं तो आवाज तिथंच अंगणात ध्वनिमुद्रित केला. संध्याकाळपर्यंत तिनं नवी 'वरची वाट' तयार केली आणि मुक्त परवान्याखाली नोंदवलीही. हलगी थांबायची, तिथं आता सरांची हाक होती. ती लावून सर चालायला लागले. शांततेची जागा आली. त्यांच्याच आवाजानं त्यांच्याच पायांना हुकूम दिला आणि पाय, शाळेतल्या पोरांसारखे, निमूट पुढं पडत गेले. फाटकातून ते रस्त्यावर गेले. अस्मिता आणि शलाका मागोमाग. गल्लीच्या टोकाला सर वळले, परत आले आणि म्हणाले, "पुन्हा एकदा."

चहा पिताना शलाकानं मनात रुतून बसलेला प्रश्न विचारला. "अस्मिता, उद्या तू मोठी झालीस, कुणी तुझी गाणी विकत घेतली, तर हे काढून घेशील का? आमचं एकदा तसं झालंय."

"काढूनच घेता येत नाही, ताई," अस्मिता म्हणाली. "मुक्त परवान्यानं एकदा दिलं की दिलं. पुढची गाणी मी विकेन, विकायची आहेतच. पण हे नाही. मी म्हटलं तरी नाही, माझ्या मागं कुणी म्हटलं तरी नाही. शिवाय तुम्ही उतरवून घेतलंय. सरांच्या यंत्रातच आहे ते. कुणाला विचारायलाही लागत नाही."

"पण मग तुला काय मिळतं यातून?"

अस्मितानं कप खाली ठेवला. "विकत ठेवलं असतं, तर मला कोण ओळखतंय, कुणी हात लावला असता? टाकलं तेव्हा वाटलं, कुणी तरी ऐकेल. वर्षभर कुणाचा एक शब्द नाही. काढू म्हटलं तरी काढता येत नव्हतं." ती हसली. "बरं झालं."

दत्त चौकातल्या त्या दिवसापासून शलाकानं पूर्ण श्वास घेतलाच नव्हता, हे तिला आत्ता कळलं.

---

नवी 'वरची वाट' सूरपोईवर गेली. हलगी आणि हुंकार अस्मिता लोखंडे, आजरा. आवाज उल्हास डुबल, कराड. सरांनी ती ओळ स्वतः वाचून पाहिली आणि 'डुबल'चं ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. डॉ. आरिफांनी आपल्या पेशंटना ते गाणं दिलं. पुढं कुठून कुठून निरोप यायला लागले. चंद्रपूरच्या एका बाईंनी लिहिलं, 'सरांचा आवाज ऐकला की माझे हे ओरडा बसल्यासारखे उठतात.' निनादनं ते दोनदा ऐकलं. मग म्हणाला, "पप्पांचा हा आवाज मी विसरलोच होतो." पुढच्या महिन्यात तो घरी आला आणि सूरपोईवर इतरांना गाणी शोधायला सोपं जावं म्हणून ठेक्याप्रमाणे गाणी निवडून देणारी सोय स्वतः बनवून देऊन गेला.

थंडीच्या दिवसांत एकदा शलाका कामावरून लवकर घरी आली. दार लोटलेलं, घरात कुणी नाही. खाटेवर पट्ट्या नव्हत्या, कानातलं यंत्र नव्हतं, दाराशी पायताण नव्हतं. तिनं घाईघाईनं फोन लावला. रिंग वाजत राहिली. शेवटी उचलला.

"पप्पा! कुठं आहात तुम्ही?"

पलीकडून वारा ऐकू आला. लहान मुलांचा गलका ऐकू आला. कुठं तरी नदीचं पाणी वाजत होतं. सरांचा श्वास लागलेला होता, पण नेमाचा, एकसारखा.

"चालतोय," ते म्हणाले. "नंतर बोल."

फोन बंद झाला. शलाकानं पायातल्या चपला काढल्या, गॅसवर एकटीपुरता चहा टाकला आणि तो उतू जाऊ नये एवढीच काळजी करत त्याच्यापाशी उभी राहिली.